मगाच्यापेक्षा

आमच्या गुऱ्हाळावर पाहुणे आले की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं. "काय वास सुटलाय हो!" बांधावरून खाली उतरता उतरताच म्हणायचे. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची. सकाळपासून चिपाडांच्या ढिगाशी खेळत असायचे आणि हे लोक कशाबद्दल बोलतायत ते मला कळायचं नाही. धूर कळायचा, कारण तो वाऱ्याबरोबर अंगावर यायचा आणि निघून जायचा. उकळत्या रसाचा वास मात्र मला येत नसे. एकदा आबांना विचारलं. ते म्हणाले, "येत असंल की. आमास्नी न्हाई येत. चुलवाणापाशी वास येत न्हाई."

आबा म्हणजे माझे वडील, गुळव्या. करवीर तालुक्यात भोगावतीच्या काठाला आमचं गाव. दसऱ्यानंतर हंगाम धरायचा, होळीच्या आसपास घाणा थांबायचा. गुळव्याचं काम काय असतं ते थोडं सांगते, कारण पुढं त्याचा संबंध येणार आहे. घाण्यातला रस काहिलीत पडतो. खाली चुलवाणात चिपाडं सारायला एक माणूस बसलेला असतो. रस तापला की भेंडीच्या झाडाचं बुळबुळीत पाणी घालतात, त्याला धरून मळी वर येते, ती झाऱ्यानं काढत राहायची. मग रस आटतो, रंग पालटत जातो, फेस चढतो, फेस बसतो. आणि एका क्षणी गुळव्या म्हणतो, "उतरा." थोडं आधी उतरलं तर गूळ बसत नाही, पाझरत राहतो. थोडा उशीर झाला तर करपतो. आबांकडे थर्मामीटर नव्हता. वाटीभर गार पाण्यात पाकाचा थेंब सोडून त्याची गोळी बोटांत फिरवून बघायचे, पण ते शेवटची खात्री करायला. त्याआधी बराच वेळ नुसते बघत आणि ऐकत उभे असायचे. काय बघता, असं विचारलं की म्हणायचे, "बुडबुडा जड झालाय का बघालोय."

"कशापेक्षा जड?"

"मगाच्यापेक्षा."

हा शब्द माझ्या डोक्यात राहिला. गेली बावीस वर्षं मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, आणि जिवाणूंना भोवतालचं जग कसं कळतं हा भाग आला की दरवर्षी हाच शब्द फळ्यावर लिहावासा वाटतो.

पहिल्या वर्षाच्या मुलांना जिवंत जिवाणू दाखवायचा म्हणजे हँगिंग ड्रॉप. मधे खळगा असलेली काचपट्टी घ्यायची, कव्हरस्लिपच्या चारी कोपऱ्यांना व्हॅसलिनचा ठिपका लावायचा, मधोमध जिवाणूंच्या पाण्याचा थेंब ठेवायचा, काचपट्टी त्यावर पालथी घालून हलकेच दाबायची आणि झटक्यात सुलटी करायची. थेंब खळग्यात लोंबकळत राहतो. चाळीसच्या भिंगाखाली आधी काहीच दिसत नाही. प्रकाश कमी करत गेलं, थेंबाची कड शोधली, की अचानक दिसतं. वर्गातला गलका त्या क्षणी कसा थांबतो ते मला बाहेरच्या व्हरांड्यातूनही ओळखू येतं.

मुलं सुरुवातीला फसतात. पाण्यातली धूळही थरथरत असते, मेलेले जिवाणूही जागच्या जागी थरथरतात; पाण्याचे रेणू त्यांना सतत धडका देत असतात. जिवंत आणि पोहणारा कोणता, ते ओळखायला एकाच जिवाणूवर नजर ठेवावी लागते. मग दिसतं की तो सरळ निघालाय, सुमारे एक सेकंद. मग थांबतो, जागीच गिरकी घेतो, दिशा बदलते. पुन्हा सरळ. पुन्हा गिरकी. ई. कोलाय हा जिवाणू लांबीला दोन मायक्रोमीटरच्या आसपास, म्हणजे मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाएवढा, आणि एका सेकंदात तो आपल्या लांबीच्या दहापट किंवा त्याहूनही जास्त अंतर तोडतो. एकदा एक मुलगी भिंगावरून डोळा न काढता म्हणाली, "मॅडम, याला जायचंय कुठं?"

हाच प्रश्न मोठमोठ्या लोकांनी विचारलाय. १८८० च्या दशकात जर्मनीत विल्हेल्म फेफर यांनी केसासारख्या बारीक काचनळीत मांसाचा अर्क भरून तिचं टोक जिवाणूंच्या पाण्यात धरलं, आणि थोड्या वेळात जिवाणू नळीच्या तोंडाशी गोळा झाले. म्हणजे त्यांना काहीतरी कळतंय. पण काय कळतंय? १९६० च्या दशकात अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात ज्यूलियस ॲडलर यांनी तीच काचनळी पुन्हा हातात घेतली, पण या वेळी ई. कोलायच्या जनुकांची माहिती हाताशी होती. गॅलॅक्टोज ही साखर पचवण्याची क्षमताच गमावलेले जिवाणू त्यांनी घेतले. ते जिवाणूही गॅलॅक्टोजच्या दिशेनं गेले. जी साखर खाता येत नाही, जिच्यातून कणभर ऊर्जा मिळत नाही, तिच्याकडे. याचा अर्थ साखर पोटात जाण्याआधी, पेशीच्या पृष्ठभागापाशीच, तिला ओळखणारं प्रथिन आहे. खाणं वेगळं आणि कळणं वेगळं. मला हा प्रयोग सूक्ष्मजीवशास्त्रातल्या सगळ्यात सुंदर प्रयोगांपैकी एक वाटतो, कारण त्यात महागडं यंत्र नाही, नुसता नीट विचारलेला प्रश्न आहे.

मग पुढचा पेच. साखर कुठल्या बाजूला जास्त आहे ते जिवाणूला कसं कळतं? आपण दोन्ही कानांनी आवाजाची दिशा ओळखतो. पण दोन मायक्रोमीटरच्या शरीराच्या डोक्यापाशी आणि शेपटापाशी साखरेत फरक तो असणार किती?

१९७२ साली रॉबर्ट मॅकनॅब आणि डॅनियल कॉशलंड यांनी याचं उत्तर काढलं. त्यांनी साल्मोनेला जिवाणूंचं पाणी आणि सेरीन नावाच्या अमिनो आम्लाचं पाणी एका झटक्यात एकमेकांत मिसळलं. क्षणात सगळीकडे सेरीन सारखंच झालं. इकडे जास्त, तिकडे कमी असं काही उरलंच नाही. जिवाणूला फक्त आत्ताचं समजत असतं तर त्याला काही फरक पडायला नको होता. पण मिसळल्याबरोबर सगळे जिवाणू गिरक्या घ्यायचे थांबले आणि सरळच पोहत राहिले. उलट, सेरीन एकाएकी कमी केलं तेव्हा ते नुसते गिरक्याच घेत सुटले. जिवाणू इकडची तिकडची तुलना करत नाही. तो आत्ताची आणि थोड्या वेळापूर्वीची तुलना करतो. त्याला मागचं आठवतं.

आबांच्या बुडबुड्याची मला पहिल्यांदा आठवण झाली ती इथं. शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयात एम.एस्सी.ला असताना हे वाचत होते. मी पुस्तक मिटून खिडकीबाहेर बघत बसले होते, ते अजून आठवतं.

१९७२ सालीच हॉवर्ड बर्ग आणि डग्लस ब्राउन यांनी एका जिवाणूचा पाठलाग करणारा सूक्ष्मदर्शक वापरून मोजमाप मांडलं. जिवाणू जिकडे जाईल तिकडे थेंबच सरकवून त्याला मधोमध धरून ठेवणारं ते यंत्र. सरळ धाव सरासरी एक सेकंदाची, गिरकी सेकंदाच्या दहाव्या भागाची, आणि प्रत्येक गिरकीत दिशा सरासरी ६८ अंशांनी बदलते. नवी दिशा कोणती, ते मात्र जिवाणू ठरवत नाही. जिकडे तोंड होईल तिकडे तो निघतो. त्यांना आणखी एक गोष्ट दिसली, आणि ती मी मुलांना दोनदा सांगते. चांगल्या दिशेनं निघालेली धाव लांबते. पण वाईट दिशेनं निघालेली धाव आखूड होत नाही, ती नेहमीएवढीच राहते. चुकलेल्याला शिक्षा नाही. बरोबर निघालेल्याला थोडी जास्त मुदत, एवढ्यावर सगळा प्रवास चालतो.

त्याची आठवण फार लहान असते. शेवटच्या एका सेकंदात काय जाणवलं ते, आणि त्याच्या आधीच्या तीनेक सेकंदांत काय जाणवलं ते, एवढीच वजाबाकी. याहून जास्त का नाही? कारण पाण्याचे रेणू जिवाणूलाही ढकलत असतात. सरळ पोहायचं ठरवलं तरी दहाएक सेकंदांत त्याची दिशा आपोआप भरकटलेली असते. तेव्हा त्याहून जुनी आठवण एका वेगळ्याच वाटेची असते, तिचा आजच्या वाटेला उपयोग नाही. आणि पाणी तरी कसलं? एवढ्या लहान जिवाला पाणी आपल्या काकवीसारखं. शेपट्या थांबल्या की तो एका अणूच्या रुंदीइतकाही पुढं घसरत नाही, जागच्या जागी थांबतो. आपल्याला पोहताना जो वेग पुढं नेतो, तो त्याला ठाऊकच नाही.

आता आत काय घडतं ते. इथं माझे विद्यार्थी घाबरतात, कारण नावांचा गुंता होतो. मी म्हणते, नावं बाजूला ठेवा, सांगावा कोण कुणाकडे नेतो ते बघा.

जिवाणूच्या एका टोकाला, पटलात, हजारो संवेदक प्रथिनं एकमेकांना चिकटून दाटीनं बसलेली असतात. त्यांची एक बाजू बाहेर, एक आत. बाहेरच्या बाजूला ॲस्पार्टेट, सेरीन, रायबोज असं काही येऊन बसतं. आतल्या बाजूला एक प्रथिन चिकटलेलं असतं. केमोटॅक्सिस, म्हणजे रसायनाच्या मागानं जाणं, या शब्दावरून त्याला की-ए म्हणतात. बाहेर काही गोड, म्हणजे जिवाणूला हवंसं, नसेल तेव्हा की-ए जागं असतं. ते पेशीतल्या एटीपी या ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूकडून एक फॉस्फेट घेऊन स्वतःच्या अंगावरच्या हिस्टिडीन या जागी ठेवतं आणि तिथून की-वाय नावाच्या एका छोट्या प्रथिनाच्या हातात देतं. की-वाय सुटं असतं. फॉस्फेट घेऊन ते पेशीतून भटकत शेपटीच्या मुळाशी जातं. शेपटीला आपल्या पुस्तकात कशाभिका म्हणतात, आणि तिच्या मुळाशी खरीखुरी फिरती मोटर आहे. तिची रुंदी मिलिमीटरच्या वीस हजाराव्या भागाहूनही कमी, आणि सेकंदाला शंभराहून जास्त फेरे. घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरत असली की साऱ्या शेपट्यांची एक वेणी होते आणि जिवाणू सरळ जातो. की-वाय येऊन चिकटलं की मोटर उलटी फिरते, वेणी सुटते आणि गिरकी बसते.

बाहेर काही गोड आलं की की-ए शांत होतं. फॉस्फेट मिळेनासा होतो. की-वायकडे असलेला फॉस्फेटही की-झेड नावाचं एक प्रथिन लगबगीनं काढून घेत असतं, म्हणून जुना सांगावा रेंगाळत नाही. मोटरीपाशी कुणी येत नाही. गिरकी लांबणीवर पडते. जिवाणू जिकडे निघालाय तिकडे चालत राहतो. एवढंच. "तिकडे जा" असा हुकूम यात कुठंच नाही. "अजून वळू नको" एवढाच निरोप आहे, आणि तोही निरोप न आल्यामुळे कळणारा.

आणि आता तो भाग, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले.

एवढ्यावरच सगळं थांबलं असतं तर गोड पाण्यात पोचलेला जिवाणू कायम सरळच जात राहिला असता, आणि त्याहून गोड काही पुढं असलं तर ते त्याला कधीच कळलं नसतं. म्हणून आणखी दोन प्रथिनं आहेत. की-आर संवेदकाच्या आतल्या भागावर मिथाइलचे बारीक तुकडे लावत बसतं, सावकाश, न थांबता. की-बी ते काढतं. पण की-बीला काम करायला की-एकडून फॉस्फेट लागतो. बाहेर गोडी वाढली, की-ए शांत झालं, की की-बीही थंडावतं. मिथाइल लावणं चालूच, काढणं बंद. मिथाइल साचत जातात, आणि ते साचले की गोडी असूनसुद्धा की-ए पुन्हा जागं होतं. गिरक्या पूर्वीसारख्या सुरू होतात. बाहेर सगळं तेवढंच गोड आहे, पण आत ते आता "नेहमीचं" झालंय. जिवाणूची आठवण म्हणजे संवेदकावर लागलेल्या मिथाइलची संख्या. हीच आठवण, आणि हेच विसरणंही. की-आर नसलेला जिवाणू गिरकी घ्यायची विसरतो, सरळच पोहत राहतो. की-बी नसलेला जागच्या जागी गिरक्या घेत बसतो. दोघांनाही कुठं पोचता येत नाही.

आबांना आणि मला वास का येत नव्हता ते तेव्हा मला समजलं. आपल्या नाकातलं यंत्र जिवाणूपेक्षा निराळं आहे, त्यातली प्रथिनं वेगळी आहेत. पण काम तेच. जे सतत आहे ते वजा करायचं, म्हणजे जे बदलतंय ते उरतं. वास येत नव्हता म्हणून तर आबांना काहिलीत कुठं खाली करपायला लागलं की त्याचा वास पाहुण्यांच्या आधी यायचा. पाहुणे अजून गोडीतच असायचे.

पण या यंत्राची एक उणीव आहे, आणि ती मला झोपू देत नाही. बदल झपाट्यानं झाला तर जिवाणूला तो कळतो. बदल फार सावकाश झाला, मिथाइल लावण्याच्या वेगाच्याही मागं राहिला, तर तो कळत नाही. गोडी वाढत जाते, "नेहमीचं" तिच्याबरोबर सरकत जातं आणि वजाबाकी शून्याच्या आसपासच राहते.

मी रोज सकाळी पंचगंगा घाटावर फिरायला जाते. एकदा पुण्याची मावसबहीण माझ्याबरोबर आली होती, बऱ्याच वर्षांनी. घाटाच्या दीपमाळांपाशी ती थांबली आणि म्हणाली, "पाण्याला केवढा वास येतोय गं." मी म्हणाले, "नाही, रोजच्यासारखंच आहे." म्हणाले आणि माझं मलाच कसंसं झालं. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्यांचं पाणी प्रयाग चिखलीला एक होतं आणि पंचगंगा होते. त्यातल्या भोगावतीचं पाणी मी लहानपणी ओंजळीनं प्यायलेय. ते पाणी ते हे पाणी, यांत जे काही झालं ते एका रात्रीत झालं नाही. दरवर्षी थोडं थोडं झालं, आणि दरवर्षी माझं "नेहमीचं" थोडं थोडं सरकलं. जी बाई पोरांना की-आर आणि की-बी शिकवते, तिचं.

तेव्हापासून महिन्यातून एकदा आम्ही, मी आणि तिसऱ्या वर्षाची मुलं, घाटावरच्या एकाच पायरीवरून पाणी आणतो. काचेच्या बुचाच्या बाटलीत, बुडबुडा राहू न देता भरायचं, तिथंच मँगनीजचं आणि अल्कधर्मी आयोडाइडचं द्रावण घालून ऑक्सिजन बांधून टाकायचा, प्रयोगशाळेत आम्ल घालून विंकलर पद्धतीनं मोजायचा. आकडा वहीत लिहायचा. वहीला सवय होत नाही. मागची पानं उलटली की मागचं पाणी तसंच्या तसं सापडतं.

हे बहुतेक सगळं ई. कोलायबद्दल झालं, तेही आपल्या आतड्यात शांतपणे राहणाऱ्या जातीबद्दल. पण संवेदक आणि फॉस्फेटचा निरोप्या ही जोडी फक्त पोहण्यासाठी नाही. एका ई. कोलायमध्येच अशा तीसेक जोड्या आहेत. कुणी क्षाराचं प्रमाण बघतं, कुणी फॉस्फेटची टंचाई, कुणी नायट्रोजन. आणि रोग करणाऱ्या जिवाणूंतही आहेत.

मी सातवीत असताना दादाला टायफॉईड झाला. ताप तीन आठवडे उतरला नव्हता. आई त्याच्या उशाशी बसून पाण्याच्या पट्ट्या बदलायची. तो बरा झाला, पण शाळेचं ते वर्ष गेलं आणि नंतर तो शाळेत रमलाच नाही. पुढं एम.एस्सी.ला, टायफॉईड ज्याच्यामुळे होतो त्या साल्मोनेलातली फॉप आणि फॉक्यू ही जोडी शिकताना माझे हात थंड पडले होते. आपल्या रक्तातल्या भक्षक पेशी जिवाणूला गिळतात. गिळल्यावर आतली जागा आम्लधर्मी होते, मॅग्नेशियम कमी असतं, जिवाणू मारणारी छोटी प्रथिनं सोडली जातात. फॉक्यू नेमकं हेच ओळखतं. म्हणजे आपल्याला गिळलंय हे साल्मोनेलाला कळतं. फॉप मग जनुकं चालू करतं, बाहेरचं आवरण बदलतं, आणि जिथं त्याला मरायचं होतं तिथंच तो राहू लागतो. फॉप नसलेले साल्मोनेला उंदरांना आजारी पाडू शकत नाहीत, हे १९८९ मध्ये दाखवलं गेलं. दादाच्या अंगात तीन आठवडे हे चाललं होतं. अशा हिस्टिडीनवाल्या जोड्या माणसाच्या पेशींत नाहीत, म्हणून त्यांनाच अडवणारी औषधं शोधता येतील का, यावर काम चालू आहे. ते यशस्वी व्हावं असं मला अगदी मनापासून वाटतं.

वनस्पतींनी मात्र ही जोडी ठेवलीय. आंब्याची आढी घातली की एका पिकलेल्या आंब्यानं बाकीचे पिकायला लागतात, ते इथिलीन वायूमुळे. इथिलीन ओळखणारं प्रथिन १९९३ मध्ये एका छोट्या रानवनस्पतीत सापडलं तेव्हा त्याची ठेवण जिवाणूंच्या संवेदकांशी जुळणारी निघाली. आढीतल्या गवतात हात घालून आंबा चाचपताना मला आता हे आठवल्याशिवाय राहत नाही.

गेल्या पौषात आबा मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरच्या तपासणीला कोल्हापुरात आले होते. आता काहिलीवर चुलतभाऊ उभा असतो, आबा खुर्ची टाकून बसतात. दवाखान्यातून सुटल्यावर म्हणाले, "तुझी शाळा दाव." मी म्हणाले, "चला, मी दावतो तुम्हाला." घरी बोलताना आम्ही बायका अजून येतो-जातोच म्हणतो.

प्रयोगशाळेत माझी एक विद्यार्थिनी प्रकल्पासाठी मॅकनॅब-कॉशलंडच्या प्रयोगाची साधी आवृत्ती करत होती. जिवाणू तीस अंशांवर वाढवलेले. ग्लुकोज न घालता, कारण भरपूर ग्लुकोजमध्ये वाढवला तर तो शेपट्याच धरत नाही. सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा, समोर पडदा. ती पडद्यावरच्या एकाच जिवाणूवर बोट ठेवायची आणि तो वळला की मोठ्यानं म्हणायची, "फिरला." बोटाखालून निघून गेला की दुसरा धरायची. शेजारी बसलेली मुलगी खुणा करायची.

आबा स्टुलावर बसले. नव्या डोळ्यानं बराच वेळ पडद्याकडे बघितलं. "हे तर चुकतमाकत चाललंय की गं," ते म्हणाले.

"फिरला. फिरला. फिरला." तिचा आवाज लयीत चालला होता.

मग तिनं पिपेटनं थेंबात सेरीनचं पाणी मिसळलं आणि पुन्हा बोट ठेवलं. आवाज थांबला. पडद्यावर सगळे जण सरळ, लांबच लांब रेघा ओढल्यासारखे जात होते. खोलीत फक्त पंखा. आबांनी माझ्याकडे बघितलं. मी खूण केली, थांबा. एक मिनिट गेलं. दोन गेली. मधेच एकदा "फिरला" आलं, मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा. मग हळूहळू लय मूळपदावर आली.

"गोडी संपली व्हय?" आबांनी विचारलं.

"न्हाई आबा, गोडी तेवढीच हाय. त्यांना सवय झाली."

त्यांनी मान हलवली. थोड्या वेळानं म्हणाले, "आनि परत साध्या पान्यात सोडलं तर?"

ते तिच्या प्रकल्पाच्या यादीत होतंच, पण अजून केलेलं नव्हतं. थोडे जिवाणू बिनसेरीनच्या पाण्यात झटक्यात पातळ करायचे आणि लगेच बघायचं. उशीर झाला तर निसटतं. दोनदा निसटलं. तिसऱ्यांदा पडद्यावर चित्र स्थिर झालं तेव्हा एकही जिवाणू सरळ जात नव्हता. "फिरला फिरला फिर... फिरला" करताना तिची जीभ अडखळली आणि तिनं मोजणं सोडून दिलं. सगळे जागच्या जागी तडफडल्यासारखे गरगरत होते. हे फार वेळ टिकलं नाही. मिनिटाच्या आतच एकेक जण सरळ निघू लागला.

आबा गप्प होते. मग पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "हंगाम संपला की मला आठ दिवस असंच हुतंय. घरात बसवत न्हाई, शेतात करमत न्हाई. कायतरी न्हाईसं वाटतंय. काय ते कळत न्हाई."

"मग?"

"मग काय, बसतंय की."

विद्यार्थिनीनं पुन्हा बोट ठेवलं आणि मोजायला सुरुवात केली.